गेंडा मधल्यावर गेला

शनिवारची झाडलोट आत्याकडे होती, आणि ती तिला कुणी दिलेली नव्हती. तिनेच ती बळकावली होती. ज्याने त्याने आपापला कचरा काढायचा असं कारखान्यात ठरलं होतं खरं, पण ताईच्या लेखी चामड्याचे तुकडे म्हणजे कचरा नव्हता, धाकट्याच्या लेखी लोखंडाचा कीस हा जमिनीचाच एक भाग होता, आणि सुनेच्या कोपऱ्यात मूळ फरशी कुठल्या रंगाची होती हे आता सुनेलाही सांगता आलं नसतं. तेव्हा शनिवारी सकाळचा चहा झाला की आत्या माग थांबवायची, बाह्या सरसावायची आणि सगळ्यांना बाहेर काढायची.

त्या शनिवारी तिला कुणाला बाहेर काढावं लागलं नाही. चहावरच भांडण झालं होतं आणि जो तो आपणहून पांगला होता.

भांडणाचं कारण होतं गेंडा. धाकट्याच्या पाच वर्षांच्या मुलीला घरात सगळे मॅनेजर म्हणत, कारण ती कामं सांगायची आणि झाली का ते विचारायला पुन्हा यायची. आजोबांनी तिला बसून डुलायचा लाकडी घोडा करून देतो म्हटलं, तर तिने घोडा नाकारला. घोडे सगळ्यांकडे असतात, म्हणाली. तिला गेंडा हवा होता. हे आजोबा म्हणजे दादा, आत्याचा थोरला भाऊ, जन्माचा सुतार. तो या मागणीने इतका खूश झाला की त्याच दिवशी लाकूड निवडायला बसला. गेले कित्येक महिने तो नुसत्या फळ्या रंधत होता. कुणी काही नाजूक काम आणलं की, "सध्या वेळ नाही," म्हणायचा. का म्हणायचा, ते सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे माहीत नसल्यासारखं वागत होते. त्याचे हात थरथरायला लागले होते.

गेंड्याचं अंग झकास जमलं. पाठ, पोट, ते जाडजूड पाय, सगळं मोठ्या हत्यारांचं काम होतं आणि त्यात जोर लागतो, तो दादाकडे भरपूर होता. अडलं ते कानांवर. कान कोरायला पटाशी स्थिर धरावी लागते.

"बाबा, कान मी करू का?" ताईने चहाचा कप खाली ठेवत अगदी सहज विचारलं होतं. ताई ही दादाची मोठी लेक, चामड्याच्या पिशव्या शिवणारी. तिला सहज बोलायला कधीच जमत नाही. "चामड्याचे करते. झटपट होतील."

"झटपट कशाला? गेंडा पळून चाललाय का?"

"उद्या रविवार आहे. मॅनेजरला कबूल केलंय ना तुम्ही?"

"मला वार कळतात."

"ताई एवढंच म्हणतेय की..." धाकट्याने तोंड घातलं. धाकटा लोहारकाम करतो, म्हणून ताई त्याला ठोक्या म्हणते. घणाचे घाव सोसणारा माणूस, पण बापापुढे त्याचा आवाज शाळेतल्या पोरासारखा होतो.

"ती काय म्हणतेय ते कळलं मला. तू तिचा वकील कधीपासून झालास?" दादा उठला. हात खिशात होते. हल्ली ते खिशातच असत. "नीट ऐकून ठेवा. गेंडा माझ्या हातून पुरा होईल नाहीतर होणार नाही. मी न देता माझ्या कामाला कुणी हात लावला, तर त्या दिवशी कारखान्याची किल्ली खुंटीला लावीन आणि पुन्हा या जागेचं तोंड बघणार नाही."

एवढं बोलून तो एका दोस्ताबरोबर लाकडाच्या वखारीकडे निघून गेला. दादाचं रागातलं बोलणं वाऱ्यावर जात नसे. ताई शाळेत असताना एकदा तो चिडून चहातली साखर सोडतो म्हणाला होता. आता ताईचे केस पिकायला लागले होते, साखर काही परत आली नव्हती.

आत्याने झाडायला सुरुवात केली ती हे सगळं डोक्यात घोळवतच. तिचा माग आणि दादाचं बाक समोरासमोर होतं. दोघं भावंडं लहानपणी याच जागेत भुसा उडवत खेळली होती, आणि मोठेपणी समोरासमोर बसून म्हातारी झाली होती. मान वर केली की दादा दिसायचा. कधी पेन्सिल कानावर ठेवून ती सगळीकडे शोधणारा, कधी रंध्याशी बोलणारा. तो गेला तर समोर एक रिकामं बाक राहील आणि आपण त्याच्याकडे बघत विणत बसू, असं तिच्या डोळ्यांपुढे आलं. मग तिने नेहमीपेक्षा जोरात झाडायला घेतलं.

दादाच्या बाकाखाली, भुशात तिला एक कान सापडला. मग आणखी एक. टोपलीच्या मागे आणखी काही, टवके उडालेले, मधोमध चिरलेले. तिने ते मूठभर लाकडी कान हातात धरले आणि थोडा वेळ तशीच उकिडवी बसून राहिली. एवढे कान त्याने एकट्याने, कुणाला दिसू नये म्हणून पाठ करून कोरले होते आणि फेकले होते. तिने ते टोपलीच्या तळाशी घातले आणि वरून भुसा लोटला. कुणी बघायला नको.

मग बाक पुसायचं म्हणून तिने गेंड्याला उचललं. गेंडा चांगलाच जड होता. जवळ ठेवायला जागा दिसली ती मधल्या टेबलाची. तिथे तो टेकवला, फडकं भिजवायला वळली, आणि तेवढ्यात मागच्या अंगणातून सूं सूं आवाज आला. चुलीवर ठेवलेली, सुताला द्यायच्या निळ्या रंगाची कढई उतू जात होती. आत्या फडकं टाकून धावली.

आता मधल्या टेबलाचं सांगायला हवं. ते आत्या आणि दादाच्या वडिलांनी एका जुन्या दाराचं केलं होतं. बिजागऱ्यांच्या खुणा अजून होत्या त्यावर. बाकी प्रत्येकाची जागा प्रत्येकाची, पण हे टेबल कुणाचंच नव्हतं. काम अडलं, पुढे काय करावं सुचेना, हात चालेना, की आपल्या हाताने ते आणून मधल्यावर ठेवायचं. ठेवणाऱ्याने काही बोलायचं नाही. ज्याला सुचेल त्याने ते पुढे न्यायचं, आणि त्यानेही काही विचारायचं नाही. वडिलांनी घालून दिलेली रीत होती ती, आणि या घरात तिच्याइतकी निमूटपणे दुसरी कुठलीच पाळली गेली नाही. घरची भाषाच तशी झाली होती. धाकट्याचं पहिलं लग्न मोडायच्या बेतात होतं तेव्हा तो रडत रडत म्हणाला होता, "आता हे मधल्यावरच ठेवतो."

सगळ्यांनी त्या टेबलावर कधी ना कधी काहीतरी ठेवलं होतं. फक्त दादाने नाही. उलट तिथल्या वस्तू सगळ्यात जास्त त्यानेच पुऱ्या केल्या होत्या.

निळ्या रंगाने आत्याचा चांगला जीव खाल्ला. कढई उतरवली, सांडलेलं पाण्याने धुतलं, मग उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून सुताच्या लडी त्यातच बुडवल्या, त्या ढवळल्या, पिळल्या, दोरीवर टाकल्या. हात कोपरापर्यंत निळे घेऊन ती आत आली, आणि दारातच उभी राहिली.

आतलं वातावरण लग्नघरासारखं होतं. ताई चक्क गुणगुणत होती. धाकटा भात्यापाशी नव्हता, ऐरणीपाशी नव्हता. तो गुडघ्यांवर बसून कशाला तरी स्क्रू पिळत होता. सून हातात बारीक ब्रश घेऊन, जीभ दातांत धरून, पापण्या रंगवत होती.

गेंड्याच्या पापण्या.

"आत्या!" सुनेने तिला पाहिलं आणि ब्रशसकट धावत येऊन मिठी मारली. दुकानांच्या पाट्या रंगवणारी ही धाकट्याची बायको एरवी मोजून मापून बोलायची. आज तिचे डोळे भरून आले होते. "ठेवला हो त्यांनी! आपल्या हाताने मधल्यावर ठेवला!"

"बघ, कान कसे बसलेत," ताई म्हणाली. खरंच गेंड्याला चामड्याचे दोन कान आले होते, आत मऊ अस्तर लावलेले. "हलतात पण. ओढून बघ."

"आणि हे शिंग." धाकट्याने अंग बाजूला घेतलं. पितळेचं, टोक गोल केलेलं, घासून घासून चकाकणारं. "मॅनेजरला टोचणार नाही. पायाला टेकण पण केलंय. आत्या, बाबा रागारागाने गेले ना सकाळी, पण जाता जाता ठेवून गेले बघ. मानलं म्हाताऱ्याला."

आत्याने त्या तिघांच्या फुललेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं, गेंड्याकडे पाहिलं, मग समोरच्या बाकाकडे. ते अजून अर्धवटच पुसलेलं होतं.

"त्याने नाही ठेवला," ती म्हणाली. "मी ठेवला. बाक पुसायला."

ब्रश खाली पडला.

"म्हणजे?" धाकटा म्हणाला.

"म्हणजे काय म्हणजे? झाडत होते. जड होता. टेकवला."

"आत्या, मधल्यावर?" ताईचा आवाज चढला. "अख्ख्या कारखान्यात तुला तीच जागा मिळाली? मुद्दाम केलंस ना तू?"

"मुद्दाम केलं असतं तर आत्ता आपल्या तोंडाने सांगितलं असतं का? कढई उतू गेली माझी!"

"काढून टाकू," धाकटा उठला. "सगळं काढून टाकू आणि परत बाकावर ठेवू. बाबा चारपर्यंत येणार नाहीत."

"अंगाचा करडा रंग अजून ओला आहे," सून म्हणाली. "आणि स्क्रूची भोकं? ती कुठे नेशील?"

"लाकडाचा भुसा भरून..."

"सुताराला भुसा भरलेलं भोक दिसणार नाही?"

धाकटा पुन्हा खाली बसला. सगळ्यात आधी डोकं चाललं ते ताईचं, आणि ते भलतीकडेच चाललं. "ऐका. त्यांना सांगायचं की सकाळी जाताना तुम्हीच ठेवलात. रागात होते. आठवत नसेल म्हणायचं. या वयात होतं असं."

"हे वाईट नाही," धाकटा म्हणाला.

"फार वाईट आहे," त्याची बायको म्हणाली.

"हो, वाईटच आहे," धाकटा म्हणाला.

"तू आधी एका बाजूला उभा राहा रे ठोक्या!" ताई भडकली. "आणि वहिनी, खरं सांगितलं तर काय होईल माहितीय ना? किल्ली खुंटीला. उद्या मॅनेजरला गेंडा मिळेल, पण इथे बाबा नसतील. चालेल?"

उत्तर आत्याने दिलं, आणि तिचा आवाज ऐकून तिघंही चपापली.

"त्याचे हात थरथरतात. डोकं नाही थरथरत. एवढंच एक धड राहिलंय असं त्याला वाटतं, आणि तू त्यालाच धक्का लावायला निघालीस? चूक माझी आहे. मी सांगेन. तुम्ही कुणी मध्ये बोलायचं नाही."

ताई लालबुंद झाली. मग हळूच म्हणाली, "मला तसं नव्हतं म्हणायचं."

"माहितीय मला."

"मला फक्त ते जायला नकोत."

"मला काय तो जायला हवाय?" आत्या म्हणाली, आणि निळ्या हातांनीच तिने भाचीचा गाल कुरवाळला. त्यामुळे ताईचा एक गाल संध्याकाळपर्यंत निळा राहिला.

निदान गेंडा बाकावर तरी नेऊन ठेवावा, या विचाराने धाकट्याने त्याला कवेत उचललं. अर्ध्या वाटेवर असतानाच फाटक वाजलं. दादा चारला येणारा माणूस होता, पण वखारीत मनासारखं लाकूड मिळालं नाही आणि दोस्ताशीही वाजलं, म्हणून जेवायच्या आधीच परतला होता. तो दारात आला तेव्हा त्याला दिसलं ते असं: बहीण निळी, लेक अर्धी निळी, आणि मुलगा छातीपासून पोटापर्यंत करडा, एका पापण्यावाल्या गेंड्याला पोटाशी धरून उभा.

"ठेव खाली," दादा म्हणाला.

"कुठे?" धाकट्याने विचारलं. त्या प्रश्नावर एरवी सगळे हसले असते.

"जिथून उचललास तिथे."

गेंडा पुन्हा मधल्यावर गेला. दादा त्याच्याभोवती एक फेरी मारून आला. खिशातले हात बाहेर आले नाहीत.

"इथे कुणी ठेवला?"

"मी," आत्या म्हणाली. "झाडताना. मग कढई उतू गेली आणि विसरले. ही मुलं आली, त्यांनी मधल्यावर पाहिला आणि त्यांना वाटलं तू ठेवलास. त्यांचं काही चुकलं नाही. रागवायचं तर मला रागव."

"मी ठेवला असं वाटलं." दादाने ते शब्द सावकाश उच्चारले. मग तो मुलांकडे वळला. "आणि वाटल्याबरोबर तिघं तुटून पडलात. वाटच बघत होतात, म्हातारा कधी हात टेकतो म्हणून?"

"आम्हाला आनंद झाला, बाबा," सून म्हणाली.

"आनंद?"

"खूप झाला." आणि ती नाक ओढत रडायलाच लागली.

दादाला हे अपेक्षित नव्हतं. कीव येईल, सबबी येतील, त्या परतवायची तयारी त्याने केलेली होती. आनंदाचं काय करायचं ते त्याला समजेना.

"माझ्या पहिल्या पिशवीचा बंद कुणी शिवला?" ताईने विचारलं. "रात्रीत कुणी शिवून ठेवला होता? ठोक्याचं ते वाकडं फाटक कुणी सरळ केलं? वहिनी आली तेव्हा तिच्या पाटीची चौकट? आम्ही आयुष्यभर ठेवत आलो आणि तुम्ही करत आलात. एकदा आमची पाळी आली असं वाटलं, बाबा. एवढंच झालं."

दादाने वाकून शिंगाचे स्क्रू न्याहाळले. मग म्हणाला, "पेचकस."

धाकट्याने तो पुढे केला. दादाने हात खिशातून काढले. सगळ्यांना ते दिसले, आणि सगळ्यांनी नजर कुठे ठेवावी हे न सुचून गेंड्याकडे ठेवली. दादा आधी शिंगाकडे वळला. पेचकस खाचेतून सुटला, पुन्हा लावला, पुन्हा सुटला. धाकट्याने आपले हात काखेत आवळून धरले, कारण ते आपोआप पुढे जात होते.

"पितळ कशाला?" दादा स्क्रूशी झगडत म्हणाला. "गेंडा आहे की समई?"

शिंग निघालं. मग टेकण. "हे उंच लावलंय. तिचे पाय काय तुझ्याएवढे आहेत?" मग कान. "टाका चांगला आहे," असं म्हणून त्याने कान उलटा केला. "पण गेंड्याचे कान असे पुढे नसतात. हे गाढवाचे झाले." मग त्याने टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि ओला रंग पुसायला लागला. पापण्यांपाशी बोळा क्षणभर अडला. मग त्याही पुसल्या गेल्या. सुनेने डोळे मिटून घेतले.

कितीतरी वेळाने, स्क्रूची भोकं सोडली तर, गेंडा सकाळसारखा झाला, उघडा आणि बिनकानाचा. दादाने तो उचलला. लटपटत, पण एकट्याने उचलला आणि आपल्या बाकावर नेऊन ठेवला. मग तो भिंतीकडे वळला, जिथे किल्लीची खुंटी होती.

आत्याला वाटलं, झालं. संपलं. इतकी वर्षं समोर बसलेला माणूस आता उठून चालला, आणि तेही आपल्या एका फडक्यापायी. ताईने तिचा दंड घट्ट पकडला.

पण खुंटीवर दादाचा कामाचा अंगरखाही होता. त्याने तो काढला, अंगात चढवला, बटणं लावायला बराच वेळ घेतला. मग बाकापाशी आला, गेंड्याच्या पाठीवरून एकदा तळवा फिरवला, त्याला पुन्हा कवेत घेतलं आणि पावलं मोजल्यासारखा टाकत मधल्या टेबलाकडे निघाला. मध्ये येणारं स्टूल धाकट्याने पायानेच सरकवलं. दादाने गेंडा टेबलावर ठेवला, तोंड दाराकडे करून, नीट मधोमध. वडिलांच्या त्या जुन्या दारावर आयुष्यात पहिल्यांदा.

आणि रीतीप्रमाणे एक अक्षर न बोलता वळला, आपल्या बाकाशी जाऊन पाठमोरा बसला.

ताईने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तेव्हा सुनेने तिला असा चिमटा काढला की ती कळवळली. उचलणाऱ्याने विचारायचं नसतं. मग धाकट्याने शिंग उचललं, ताईने कान, सुनेने खाली पडलेला ब्रश. आत्या चहा टाकायला गेली. गेंड्याच्या पाठीवर निळं विणलेलं खोगीर छान दिसेल, हे तिला चहात दूध घालताना सुचलं, पण ते ती कुणाला बोलली नाही.

तिने पहिला पेला दादाला दिला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला नाही, की कुणी बघत नाहीये ना हे पाहिलं नाही. एकाच हाताने उचलला. चहा हिंदकळला, बोटांवरून बाकावर सांडला. दादाने तो तसाच सांडू दिला आणि उरलेला प्यायला. आत्या समोर मागावर बसून पाहत होती, आणि तिने काही नजर वळवली नाही.

मागे हातोडी वाजायला लागली. ताई आणि सून हळू आवाजात पापण्यांवरून वाद घालत होत्या. दादा जागच्या जागी चुळबुळ करत होता. पाठ त्यांच्याकडे असली तरी कान तिकडेच होते. शेवटी त्याला राहवेना.

"कान मागे घ्या," तो भिंतीला सांगितल्यासारखा म्हणाला. "आणि शिंग तेवढं खाली..."

"दादा," आत्या मागावरून म्हणाली, "ठेवणाऱ्याने बोलायचं नसतं."

दादाने तोंड मिटलं. मग रिकामा पेला तिच्यापुढे धरून बोटाने तळाकडे खूण केली. आणखी चहा हवा होता, आणि इतक्या वर्षांनी त्यात साखर हवी होती.